नळी समोर ठेव!



स्मरणिका मंडळाचा फोन आला. "इतिहासाच्या तासाला जागे राहणारे आपल्या बॅचमध्ये तिघंच होते, त्यातला तू एक. तेव्हा इतिहासावर काहीतरी लिही," असा हुकूम झाला. पण शिवकालावर आणि शाहू महाराजांवर लिहायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आपल्या १९८५ च्या बॅचमध्ये आहेत. म्हणून मी एका अशा खेळाचा इतिहास लिहितो आहे, ज्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. त्याला 'प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंग' म्हणतात. आपल्या शाळेशी याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. तो माझ्या ध्यानात यायला मात्र जवळजवळ तीस वर्षं लागली.

सुरुवात आपल्या शाळेपासूनच करतो.

१९८३ सालचा हिवाळा. आपण नववीत होतो. एनसीसीच्या कॅडेटना चांदमारीसाठी टेकडीखालच्या फायरिंग रेंजवर नेलं होतं. आठवत असेल, पहाटे खाकी हाफपँटमध्ये कुडकुडत ट्रकमधून गेलो होतो आणि येताना पाव-भाजीच्या पुड्या मिळाल्या होत्या. पॉइंट बावीसची रायफल, पंचवीस यार्डांवर टारगेट, प्रत्येकाला पाच गोळ्या. हुकूम हिंदीत. 'भर' म्हटलं की भरायचं, 'खाली कर' म्हटलं की खाली करायचं. माझ्या पाचही गोळ्या काड्यापेटीएवढ्या जागेत बसल्या. लांबून टारगेट बघणाऱ्या हवालदाराने तसं ओरडून सांगितलं आणि मला हर्षवायू झाला. मी उठलो आणि रायफल हातात तशीच धरून मागे बसलेल्या तुमच्याकडे वळलो.

पुढच्याच क्षणी सरांनी नळी पकडून वर केली होती. "नळी समोर ठेव!" हे त्यांचे शब्द अख्ख्या रेंजने ऐकले. मी म्हणालो, "सर, रायफल रिकामी आहे." सर म्हणाले, "ते तुला माहीत आहे. मागं बसलेल्या चाळीस पोरांना माहीत आहे का?" मग त्यांनी खिशातली वही काढून फायरिंगच्या टीममधून माझं नाव खोडलं. सगळ्यात चांगला ग्रुप माझा होता, तरीही खोडलं. त्या वर्षी मी सरांशी धड बोललो नाही. सर माझ्यावर डूख धरून आहेत अशी माझी खात्री झाली होती, आणि तसं मी तुम्हा सगळ्यांना रंकाळ्यावर बसून कितीतरी वेळा सांगितलं होतं.

आमच्या गावचा खेळ

१९९६ मध्ये मी अमेरिकेत आलो आणि दोन वर्षांनी मिझुरी राज्यातल्या कोलंबिया या गावात स्थिरावलो. विद्यापीठाचं गाव आहे, आपल्याकडच्या मानाने शांत. माझं काम संगणकाचं. बायको इथल्याच एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. २०११ मध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "रविवारी आमची मॅच बघायला येतोस का?" मला वाटलं बेसबॉल असेल. गेलो तर मातीच्या उंच बांधांमध्ये पत्र्याची आणि पुठ्ठ्याची टारगेटं उभी होती आणि माणसं हातात पिस्तूल घेऊन एका चौकटीतून दुसरीकडे पळत होती. दूरदर्शनवर पाहिलेल्या नेमबाजीशी त्याचं काहीच साम्य नव्हतं.

दुपारी जेवताना त्याने सांगितलं, "या खेळाची जागतिक संघटना आपल्याच गावात स्थापन झाली, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. तेरा वर्षं ज्या गावात राहिलो त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही, याची इतिहासप्रेमी म्हणून मला लाज वाटली. मग मी शोधायला लागलो.

फुगे आणि एक साधं रिव्हॉल्व्हर

या खेळाचा उगम कॅलिफोर्नियात. १९५० च्या दशकात अमेरिकेत काऊबॉय सिनेमांची आणि टीव्ही मालिकांची लाट होती. कमरेचं पिस्तूल झटकन कोण काढतो, याच्या स्पर्धा भरत. बिग बेअर नावाच्या डोंगरातल्या गावी जेफ कूपर हे मरीन दलातले माजी अधिकारी राहत. त्यांनी तिथे 'लेदरस्लॅप' नावाने अशा स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. फरक असा, की इथे खऱ्या गोळ्या होत्या. दोघे शेजारी उभे राहत, इशारा झाला की समोरचे फुगे ज्याचे आधी फुटतील तो जिंकला.

त्या काळी जवळपास सगळे एका हाताने आणि कमरेपासूनच गोळी झाडत. पिस्तूल डोळ्यासमोर आणायला वेळ लागतो, तोवर समोरचा जिंकेल, असा समज होता. जॅक वीव्हर नावाचे लॉस एंजलिस काउंटीचे डेप्युटी शेरीफ या स्पर्धांना येत. त्यांच्या लक्षात आलं, की कमरेपासून भराभर झाडलेल्या गोळ्या भराभर हुकतात. त्यांनी आपलं सहा इंची नळीचं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यांपर्यंत आणलं, नेम पाहिला आणि मग चाप ओढला. १९५९ ची स्पर्धा त्यांनी जिंकली. ते रिव्हॉल्व्हर त्या काळातलं नेहमीचंच होतं, अडतीस कॅलिबरचं. त्यात खास काही नव्हतं. खास होता तो एक लहानसा विलंब, नेम पाहण्यापुरता. कूपर यांनी त्या पवित्र्याला वीव्हर यांचंच नाव दिलं आणि ते जगभर पोहोचलं.

मला हा प्रसंग फार आवडतो. या खेळातल्या पहिल्या मोठ्या शोधासाठी नवं हत्यार लागलंच नाही. होतं तेच नीट धरायचं होतं.

पुढे या मंडळींची दक्षिण कॅलिफोर्नियात एक लीग झाली. तिच्या नावात सुरुवातीला 'कॉम्बॅट' हा शब्द होता. दर स्पर्धेत नवी परिस्थिती मांडायची, ठरावीक साचा ठेवायचा नाही आणि कुठली पद्धत खरंच चालते ते पाहायचं, हा त्यांचा नियम. त्यांचा एक डाव अजूनही सगळीकडे खेळला जातो. त्याचं नाव 'एल प्रेसिदेंते'. दहा यार्डांवर तीन टारगेटं. त्यांच्याकडे पाठ करून हात वर धरून उभं राहायचं. इशारा झाला की वळायचं, पिस्तूल काढायचं, प्रत्येक टारगेटवर दोन गोळ्या, मग मॅगझिन बदलायचं आणि पुन्हा प्रत्येकावर दोन. एकूण बारा गोळ्या. कूपर यांनी त्यासाठी दहा सेकंदांचं माप ठेवलं होतं.

१९७५ मध्ये झुरिच इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती अमेरिकेच्या रे चॅपमन यांनी जिंकली. पुढच्या वर्षी, १९७६ च्या मे महिन्यात, वेगवेगळ्या देशांतली सुमारे चाळीस माणसं आमच्या कोलंबियात जमली आणि त्यांनी 'इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन' म्हणजे 'आयपीएससी' ही संघटना स्थापन केली. कूपर पहिले अध्यक्ष झाले. 'कॉम्बॅट' जाऊन 'प्रॅक्टिकल' आलं. बोधवाक्य लॅटिनमधलं, तीन शब्दांचं. मराठीत सांगायचं तर अचूकता, ताकद आणि वेग. अमेरिकेतली शाखा, 'यूएसपीएसए', १९८४ मध्ये उभी राहिली.

गुणांचं गणित

या तीन शब्दांचा मेळ घालणारं गणित मोठं मजेशीर आहे. आपल्या गणिताच्या बाईंना ते आवडलं असतं. पुठ्ठ्याच्या टारगेटवर आखलेले भाग असतात. साध्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाला मधल्या भागात पाच, त्याबाहेर तीन आणि कडेला एक गुण. गोळी हुकली तर दहा गुण वजा. 'याला मारू नका' असं पांढरं टारगेट मध्येच उभं असतं, त्याला लागली तरी दहा वजा. या सगळ्याची बेरीज करायची आणि लागलेल्या सेकंदांनी भागायची. येणाऱ्या आकड्याला 'हिट फॅक्टर' म्हणतात.

उदाहरण घ्या. बारा गोळ्यांचा डाव, पूर्ण गुण ६०. एकाने बाराही गोळ्या मध्यभागी मारल्या आणि १२ सेकंद घेतले. त्याचा फॅक्टर ५. दुसऱ्याने ८ सेकंदांत ४८ गुण मिळवले. त्याचा ६, म्हणजे हा पुढे. तिसरा ७ सेकंदांत मोकळा झाला, दहा गोळ्यांचे ४० गुण झाले, पण दोन गोळ्या हुकल्या. वीस वजा होऊन उरले २०. त्याचा फॅक्टर तीनलाही पोहोचत नाही. फार जपून खेळणारा मागे पडतो आणि घाई करणारा त्याच्याही मागे.

गोळीच्या ताकदीचंही माप असतं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांमध्ये घेऊन गुणाकार करायचा, हजाराने भागायचं. किमान १२५ यायला हवेत. बाजारात मिळणारं नऊ मिलिमीटरचं नेहमीचं काडतूस साधारणपणे यात बसतं.

शर्यत हत्यारांची

जिथे गुण आणि घड्याळ आलं तिथे हत्यारं सुधारणारेही आले. १९८० च्या दशकात पिस्तुलाच्या तोंडाशी धक्का कमी करणारे कॉम्पेन्सेटर आले. मॅगझिन लांब झाली. १९९० च्या सुमारास लाल ठिपक्याची दुर्बीण पिस्तुलावर चढली. रोज कमरेला लावता येईल अशा पिस्तुलाची कसोटी म्हणून सुरू झालेल्या खेळात आता कोणी कमरेला लावणार नाही अशी पिस्तुलं जिंकू लागली. खुद्द कूपर यांनाही हे वळण पसंत नव्हतं.

यातून वाटा फुटल्या. खास पिस्तुलांसाठी वेगळा गट आणि साध्या साइटवाल्यांसाठी वेगळा गट झाला. काही जुन्या मंडळींनी १९९६ मध्ये 'आयडीपीए' नावाची निराळी संघटनाच काढली. आणि २००० च्या सुमारास 'प्रॉडक्शन' नावाचा गट सुरू झाला. दुकानात मिळतं तसं पिस्तूल आणि त्यात फारसे फेरफार नाहीत. सगळ्यांना गुणांचं एकच माप, कमी ताकदीचं. त्यामुळे मोठं काडतूस वापरून फायदा नाही. मी सुरुवात केली तेव्हा अमेरिकेत या गटात मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या भरता येत. वीव्हर यांच्या साध्या रिव्हॉल्व्हरकडे खेळ चाळीस वर्षांनी असा परत आला, असं मला वाटतं. नवशिक्याला दार उघडं राहिलं ते या गटामुळे.

आणखी एक बदल झाला. जुनं टारगेट डोकं आणि धड असलेल्या माणसासारखं दिसायचं. पुढे आयपीएससीने डोकं नसलेलं, कोपरे कापलेलं दुसरं टारगेट आणलं. हा खेळ आहे, माणसं मारण्याचा सराव नाही, हे जगाला पटवायचं होतं. अमेरिकेत मात्र जुनं टारगेट राहिलं.

घरातला वाद

हे सगळं वाचून मला खेळावंसं वाटू लागलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घरात बंदूक नको."

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ती शाळेत काम करते. तिथे वर्षातून काही वेळा दिवे घालवून, दार लावून, पोरांना कोपऱ्यात गप्प बसवण्याचा सराव होतो. कोणी बंदूकवाला आत शिरला तर काय करायचं, याचा सराव. पहिलीतली मुलं तिला कुजबुजत विचारतात, "आता संपलं का?" आपल्या शाळेत आपण दारं लावली ती फक्त वार्षिक परीक्षेत. तिने विचारलं, "ज्या वस्तूच्या भीतीने मी पोरांना टेबलाखाली बसवते, तिच्याशी तू रविवारी खेळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही.

सहा महिने विषय बंद होता. मग एक दिवस तिनेच अटी सांगितल्या. पिस्तूल घरी असेल तेव्हा पोलादी तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. हौस म्हणून कोणाला दाखवायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. भारतातल्या पुतण्या-भाच्यांना काही पाठवायचं नाही. मी सगळं मान्य केलं आणि आजवर पाळलं आहे.

२०१२ च्या उन्हाळ्यात दुकानात गेलो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवायला काय काय करावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे मी नागरिक होतो. फॉर्म भरला, दुकानदाराने सरकारी तपासणीला माझं नाव कळवलं, होकार आला आणि अर्ध्या तासात पिस्तूल माझ्या हातात होतं. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "ग्रंथालयाचं कार्ड काढायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो."

पिस्तूल साधं होतं. एका पोलीस खात्याने बदलून टाकलेलं, वापरलेलं, प्लास्टिकच्या सांगाड्याचं, नऊ मिलिमीटरचं. कडा घासून पांढऱ्या पडलेल्या. सहकाऱ्याने बजावलं होतं, "पिस्तुलावर पैसे घालू नकोस, काडतुसांवर घाल." बाकी सामान असं: चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, न वाकणारा जाड पट्टा, पाच मॅगझिन आणि ती अडकवायचे पाऊच, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. एका मॅचला दीडशे ते दोनशे काडतुसं. कोणाला ही सुरुवात करायची असेल तर यापेक्षा जास्त काही लागत नाही. लागतो तो सराव. त्यातला बराचसा घरी, पिस्तूल रिकामं करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत चाप हळू ओढण्याचा. सहा आठवडे मी रोज पंधरा मिनिटं तेच केलं.

पहिली मॅच

रेंजवरचे नियम पाठ केले. तिथे पिस्तूल नेहमी रिकामं आणि होल्स्टरमध्ये. हात लावायचा तो रेंज ऑफिसरने सांगितल्यावरच. मधे कधी हाताळायचं असेल तर त्यासाठी ठरवून दिलेली जागा, आणि तिथे एकही काडतूस न्यायचं नाही. पळताना आणि मॅगझिन बदलताना बोट चापाबाहेर. आणि सगळ्यात मोठा नियम १८० अंशांचा. तुमच्या दोन्ही खांद्यांतून जाणारी, समोरच्या बांधाला समांतर अशी एक रेषा कल्पा. नळी त्या रेषेच्या मागे कधीही, एका क्षणासाठीही जाता कामा नये. गेली तर त्या दिवशीचा खेळ संपला.

"लोड अँड मेक रेडी," ऑफिसर म्हणाला. मला 'भर' ऐकू आलं. पहिले दोन डाव कसेबसे पार पडले. एल प्रेसिदेंतेत ४८ गुण, १९.४ सेकंद, फॅक्टर अडीचच्या खालीच. तरी मी खूश होतो. तिसऱ्या डावात उजवीकडची टारगेटं मारून डावीकडे पळायचं होतं. पळता पळता मॅगझिन बदलायला घेतलं. मी उजव्या हाताचा. अंग डावीकडे वळलेलं, त्यात मॅगझिन घालायला पिस्तूल आणखी डावीकडे कललं.

"स्टॉप!"

थांबलो. नळी कुठे आहे ते पाहिलं. ती रेषेच्या मागे गेली होती, जिथे माझाच गट उभा होता त्या दिशेला. ऑफिसरने शांतपणे पिस्तूल रिकामं करून घेतलं, होल्स्टरमध्ये ठेवायला सांगितलं आणि माझ्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण त्या क्षणी पिस्तुलात मॅगझिनच नव्हतं!" साठीच्या त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नळीत एक गोळी होती. आणि ती नसती तरी मी हेच केलं असतं."

एकोणतीस वर्षं आणि अर्धं जग ओलांडून मी पुन्हा त्याच टेकडीखाली उभा होतो. तीच चूक, तीच सबब. फरक एवढाच, की या वेळी मला सबब ऐकू आली.

घरी येऊन कूपर यांनी घालून दिलेले सुरक्षेचे चार नियम पुन्हा वाचले. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे नष्ट करायची तयारी नाही, त्याच्यावरून नळी फिरू देऊ नका. नेम लागेपर्यंत चापावर बोट नको. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. यातले पहिले दोन सरांनी मला १९८३ मध्ये दोन वाक्यांत सांगितले होते. मी त्यावर वर्षभर रुसून बसलो होतो.

अपात्र ठरलेल्या माणसाला त्या दिवशी घरी जायला कोणी सांगत नाही. मी उरलेला दिवस टारगेटवरच्या भोकांना कागदी टिकल्या चिकटवत फिरलो. त्या ऑफिसरने निघताना हात मिळवला. "पुढच्या महिन्यात ये. डावीकडे जाताना आधी पाऊल टाक, नळी बांधाकडे ठेव, मग मॅगझिन बदल. हळू झालं तरी चालेल." मी गेलो. तेव्हापासून एकदाही अपात्र ठरलो नाही. २०१६ मध्ये त्याच जुन्या पिस्तुलाने एल प्रेसिदेंतेत ५२ गुण मिळवले, ९.८१ सेकंदांत. कूपर यांच्या दहा सेकंदांच्या आत, फॅक्टर ५.३. इथे डी, सी, बी, ए, मास्टर आणि ग्रँड मास्टर अशा पायऱ्या असतात. चाळीस टक्क्यांच्या वर गेलं की डी मधून सी. मी सी मध्ये आहे आणि तिथेच राहीन असं दिसतं. आपल्या शाळेत मला द्वितीय श्रेणीची सवय होतीच.

बायको एकदाच मॅच बघायला आली. त्या दिवशी दुसऱ्याच एका तरुणाला ऑफिसरने ओरडून थांबवलं आणि अपात्र केलं. येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इथे ओरडून थांबवणारा माणूस आहे. बाहेर नाही." मला वाटतं, या विषयावर याहून खरं मी कुठेच वाचलेलं नाही. तिचा विरोध संपलेला नाही. माझा खेळही चालू आहे. दोन्ही एकाच घरात आहेत.

सर

आपल्या कोल्हापुराने नेमबाजीत केवढं नाव कमावलं ते तुम्हाला सांगायला नको. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. त्यांचा खेळ वेगळा, स्थिर राहून श्वास सांभाळण्याचा. माझा पळापळीचा. पण कोणत्याही रेंजवर गेलात तरी पहिला धडा एकच असतो.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापूरला आलो तेव्हा सरांच्या घरी गेलो. सर ऐंशीच्या पुढे होते. गुडघे गेले होते, आवाज तसाच. काकूंनी चहा आणि भडंग दिलं. मी सगळं सांगितलं. बिग बेअरचे फुगे, कोलंबिया, माझी पहिली मॅच, अपात्र ठरणं. शेवटी म्हणालो, "सर, १९८३ मध्ये तुम्ही मला टीममधून काढलंत ते बरोबर होतं. हे सांगायला इतकी वर्षं लागली, माफ करा."

सरांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. मग मान हलवली.

"मला नाही बाबा आठवत," ते म्हणाले. "पण नळी फिरवली असशील, तर उठवलंच असणार."

एवढं बोलून त्यांनी भडंगाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "ग्रुप किती इंचाचा होता रे?"